डॅशबोर्ड एकदाच उघडायचा: घरच्या घरी हीटर कोर बदलताना

प्रश्न असा आहे: अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. डावीकडचं पायाखालचं मॅट सतत ओलं. हीटर लावला की पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं धरतं आणि रिझर्व्ह टाकीतलं कूलंट आठ-दहा दिवसांत खालच्या रेघेच्याही खाली जातं. गॅरेजमध्ये दोन पर्याय सांगितले: डॅशबोर्ड उतरवून हीटर कोर बदला, नाहीतर हीटर बायपास करा, म्हणजे कूलंट हीटरमध्ये न नेता परस्पर फिरवा. हे काम घरी जमेल का?

जमतं. सुट्टीचे दोन दिवस, सावलीतली जागा, एक मदतनीस आणि घाई न करण्याची तयारी हवी. हीटर कोर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हीटर कॉइल, हा वहीएवढा छोटा रेडिएटर असतो. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि ब्लोअरची हवा त्याच्या जाळीतून जाताना तापते. तो धरून ठेवायला दोन-तीन स्क्रू आणि दोन होज पाईप यापलीकडे काही नसतं. सगळे कष्ट तिथपर्यंत पोचण्यात आहेत, कारण कारखान्यात कोर ज्यात असतो तो डबा आधी बसतो आणि डॅशबोर्ड त्याच्यावर नंतर चढतो. म्हणून या कामात एकच ध्यास ठेवावा: डॅशबोर्ड पुन्हा उघडायची वेळ येऊ नये. खालच्या बहुतेक सूचना त्याच हिशेबाने दिल्या आहेत.

आधी ओल कशाची आहे ते ठरवा. डावीकडचं कार्पेट भिजायची तीन कारणं असतात आणि पावसाळ्यात ती हमखास एकमेकांत मिसळतात. एसीच्या कूलिंग कॉइलवर साचलेलं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. ती नळी मातीने तुंबली की तेच पाणी पायाशी येतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साठली तर पावसाचं पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं. तिसरं कारण हीटर कोर. मॅट उचलून कार्पेटवर पांढरा टिश्यू पेपर दाबा. पाणी असेल तर कागद वाळल्यावर कोरा दिसतो. कूलंट असेल तर हिरवट, लालसर किंवा निळसर डाग उरतो, बोटांना बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो. चव मात्र घेऊ नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. काच कापडाने पुसल्यावर तेलकट पट्टे राहत असतील तर तीही कूलंटच्या वाफेचीच खूण.

तुमच्या वर्णनात चिकट धुकं आणि घटणारी पातळी दोन्ही आहेत, त्यामुळे संशय कोरवरच जातो. तरी डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी प्रेशर टेस्टरने खात्री करा. हा हातपंप रेडिएटर कॅपच्या जागी बसतो आणि ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मिळू शकतो. इंजिन पूर्ण थंड असताना कॅपवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या (छोट्या गाड्यांवर बहुधा ०.९ किंवा १.१ बार असतो) आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघा. काटा उतरला, बोनेटखाली कुठेही थेंब नाही, पण गाडीखाली एसीच्या नळीच्या तोंडातून रंगीत थेंब पडतायत, असं दिसलं की निदान पक्कं झालं. कोर आणि कूलिंग कॉइल एकाच डब्यात असल्यामुळे कोरची गळतीही बऱ्याचदा त्याच नळीतून बाहेर येते. काटा उतरतो पण ना आत थेंब ना बाहेर, अशा वेळी हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) तपासून घ्या. ती गळती कोर बदलून थांबणार नाही.

गळती नसून नुसता हीटर गरम होत नाही अशी तक्रार असेल तर कोर बदलण्याची घाई नको. इंजिन तापल्यावर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत जाणाऱ्या दोन्ही होजना, पंख्यापासून हात जपून, स्पर्श करा. दोन्ही कडक गरम असतील तर दोष गरम-थंड हवा वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपचा किंवा त्याच्या केबलचा. एक गरम आणि एक कोमट असेल तर कोर तुंबलेला आहे. होज सोडून बागेच्या पाईपने, कमी दाबाने, उलट्या दिशेने पाणी सोडल्यावर अनेकदा तो मोकळा होतो. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व) नाही. ‘गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. अशा गाडीत हीटर कधीच नीट चालत नाही आणि इंजिनही थंडच पळून जास्त पेट्रोल पितं.

बायपासबद्दल. तात्पुरता उपाय म्हणून तो योग्य आहे आणि नवा कोर हाती येईपर्यंत गाडी त्यावर बिनधास्त चालवा. पण तो करताना दोन्ही होज एकमेकांना जोडून प्रवाह चालू ठेवा. होजच्या तोंडात बोल्ट ठोकून ती बंद करू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट हीटरच्याच वाटेने फिरतं. ती वाट बंद झाली तर थर्मोस्टॅटला गरम कूलंट वेळेवर भेटत नाही आणि इंजिनात एखाद्याच जागी उष्णता साठते. कायमचा बायपास मुंबई-कोकणात खपून जाईल. नाशिकच्या थंडीत पहाटे निघणाऱ्याने किंवा धुक्यात घाट चढणाऱ्याने तो स्वीकारू नये. एसीने कोरडी केलेली हवा हीटरवरून जाऊन गरम होऊन काचेवर आली की काच सर्वात लवकर साफ होते, आणि समोरचं दिसणं ही चैनीची गोष्ट नाही.

गळती बंद करणारी पावडर आणि ट्रकवाले रेडिएटरमध्ये टाकतात ती हळद, दोन्ही टाळा. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरती हळद समजू शकते. पण जो गाळ भोक बुजवतो तोच कोरच्या बारीक नळ्या आणि रेडिएटरही बुजवतो, आणि मग एका गळतीऐवजी इंजिन तापण्याचं दुखणं गळ्यात पडतं.

आता सर्वात महत्त्वाचा निर्णय. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि एकच गोष्ट शोधा: एसीचे पाईप न सोडता कोर निघतो का? काही गाड्यांत तो डब्याच्या बाजूने, एक झाकण आणि पाईपची पट्टी काढली की ड्रॉवरसारखा सरकतो. अशा वेळी पूर्ण डॅशबोर्डही उतरवावा लागत नाही. काहींत अख्खा डबाच बाहेर काढावा लागतो आणि त्यासाठी फायरवॉलवरचे एसीचे दोन पाईप सुटे करावे लागतात. तसं असेल तर आधी एसीच्या दुकानात मशीनने गॅस काढून घ्या. घरी पाईप सैल करून गॅस हवेत सोडू नका. दाबातला गॅस बोटं आणि डोळे गोठवतो, शिवाय कॉम्प्रेसरचं तेलही घेऊन जातो. पाईप सुटले की लगेच तोंडं प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर ड्रायर (एसीतली ओल शोषणारी डबी) हवेतली ओल पितो. जोडताना ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी कड्या) नव्या, त्यांना एसीचं तेल लावून. नंतर दुकानात व्हॅक्यूम आणि बोनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस.

नवा कोर आणल्यावर जुन्या कोरशी जुळवून बघा: पाईपचा व्यास, लांबी, वाकण्याचा कोन आणि जाळीची जाडी. पाच मिलिमीटर लांब पाईप फायरवॉलच्या भोकात बसत नाही आणि मग लोक तो वाकवतात. ॲल्युमिनियमचा पाईप थंड अवस्थेत वाकवला की सांध्यापाशी चीर पडते. बसवण्याआधी एक तोंड बंद करून कोर बादलीत बुडवा आणि दुसऱ्या तोंडातून सुमारे १ बार हवा द्या. बुडबुडा दिसला तर दुकानातच परत जाईल. ही दहा मिनिटांची तपासणी कधीही टाळू नका. सोबत दोन्ही हीटर होज, त्यांचे क्लॅम्प, सांध्याच्या ओ-रिंग आणि नवी रेडिएटर कॅप घ्या.

हत्यारं साधीच लागतात: ८, १०, १२ आणि १४ च्या गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, दोन मापांचे फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पट्ट्या उचकटायचे प्लॅस्टिकचे चमचे, पाच-सहा लिटरचा ट्रे आणि भरपूर जुनी फडकी. एक मोठा पुठ्ठाही ठेवा. त्यावर डॅशबोर्डचं ओबडधोबड चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू निघाला की तो चित्रात त्याच जागी खोचा. डॅशबोर्डचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असतो. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मागची वायर किंवा एअर डक्ट भोसकतो.

पुढच्या दोन्ही सीट काढा. चार-चार बोल्टचं काम आहे आणि त्याने कंबर वाचते. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सुटं करून दहा मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये काही काळ वीज साठलेली राहते. पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर (वायरी जोडणारे प्लग) एअरबॅगचे. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही. काढलेली एअरबॅग नक्षीची बाजू वर ठेवून दूर ठेवायची. कपलर सुटे असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा कायमचा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. म्हणून बॅटरी शेवटपर्यंत जोडूच नका.

इंजिन थंड असताना खालून कूलंट उतरवा. ते स्वच्छ, रंगीत आहे की चहासारखं तांबूस, हे नीट बघून ठेवा. पुढे उपयोगी पडेल. मग फायरवॉलवरचे होज. जुनं रबर पाईपला चिकटलेलं असतं. पकडीने पिरगाळू नका. नवे होज लावायचेच आहेत, तेव्हा ब्लेडने होजला लांबीच्या दिशेने चीर द्या, पाईपवर ओरखडा न पाडता, आणि सालीसारखा सोलून काढा. कोरमध्ये अजून थोडं कूलंट असतं. एका पाईपला सायकलचा पंप हलकेच लावून दुसऱ्यातून ते बरणीत काढा आणि दोन्ही तोंडं बुचांनी बंद करा. हे विसरलं की कोर बाहेर ओढताना उरलेलं कूलंट कार्पेटवर सांडतं.

डॅशबोर्ड उतरवण्याचा क्रम प्रत्येक गाडीत वेगळा, पण साधारण मधलं कन्सोल, ग्लोव्ह बॉक्स, खालची कव्हरं, स्टिरिओ, एसीचं पॅनेल, मीटर आणि मग मुख्य सांगाडा असा असतो. प्रत्येक टप्प्याला मोबाईलने फोटो काढा, कपलरवर पट्टी लावून आकडा लिहा. स्टिअरिंग व्हील बहुधा काढावं लागत नाही. कॉलमचे बोल्ट सोडून तो खाली टेकवला की पुरतं. खालचा सांधा सोडावाच लागला तर चाकं सरळ ठेवून दोन्ही भागांवर रंगाची खूण करा आणि व्हील फिरणार नाही असं बांधा, नाहीतर आतली स्पायरल केबल (व्हीलमधल्या एअरबॅग-हॉर्नची गुंडाळलेली वायर) तुटते. डॅशबोर्ड ओढूनही येत नसेल तर जोर लावू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिला आहे. दोन्ही टोकांच्या टोप्यांखाली, काचेजवळच्या जाळीखाली आणि ग्लोव्ह बॉक्सच्या वरच्या कडेला बघा. सुटल्यावर दोघांनी मिळून बाहेर घ्या.

एसीच्या नॉबवरून डब्याकडे जाणाऱ्या केबलींकडे मात्र विशेष लक्ष द्या. नॉब पूर्ण थंडवर ठेवा आणि डब्यावरची क्लिप केबलच्या आवरणाला नेमकी जिथे धरते तिथे पांढऱ्या पेनने रेघ मारा. परत लावताना ती रेघ क्लिपच्या कडेला यायला हवी. तीन-चार मिलिमीटरचा फरक पडला तर फ्लॅप पूर्ण मिटत नाही, थंड हवेत थोडी गरम हवा मिसळत राहते आणि उन्हाळ्यात ‘एसी पूर्वीसारखा गार करत नाही’ म्हणून गॅस भरण्यावर खर्च होतो. दोष गॅसचा नसतो, त्या रेघेचा असतो.

कोर बाहेर आला की डबा आतून पुसा, पानं-माती काढा, पाण्याच्या नळीत हळू तार फिरवून ती मोकळी करा. फ्लॅपच्या कडांचा स्पंज बोट लावताच भुकटी होत असेल तर नवा चिकटवा. जुन्या कोरभोवतीची स्पंजची पट्टीही नव्यावर यायलाच हवी. ती नसेल तर हवा जाळीला वळसा घालून निघून जाते आणि खड्ड्यांत कोर खडखडतो. सांध्याच्या ओ-रिंगला नवं कूलंट लावा; ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावू नका, खनिज तेलाने हे रबर फुगतं. पट्टीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसतात, हातानेच आवळा. होज चढवताना क्लॅम्प पाईपच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर किंवा अगदी टोकाशी नाही.

आता डॅशबोर्ड उघडाच असताना टाकी भरा आणि प्रेशर टेस्टरने कॅपच्या आकड्याइतका दाब देऊन अर्धा तास सोडून द्या. सांध्याखाली पांढरा टिश्यू ठेवा. इंजिन चालू करून तपासण्याचा मोह होतो, पण एअरबॅगचे कपलर सुटे असताना ते नको. हातपंप पुरेसा आहे. काटा जागचा हलला नाही आणि टिश्यू कोरडा राहिला, तरच डॅशबोर्ड चढवा.

याच वेळी कार्पेटकडे वळा. खालच्या जाड फेल्टमध्ये शिरलेलं कूलंट उन्हात आपोआप वाळत नाही, कारण ग्लायकॉल हवेतली ओल ओढून घेतं. फेल्ट बाहेर काढून कोमट पाणी आणि शॅम्पूने दोन-तीनदा धुवा, दोन दिवस उन्हात टाका. हे टाळलं तर नवा कोर बसूनही काचेवर धुकं धरत राहतं आणि काम फसलं असं वाटतं. फेल्टखालून जाणाऱ्या वायरींचे कपलरही उघडून बघा, हिरवा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा.

कोर का गेला हेही आत्ताच शोधायचं. कूलंट तांबूस असेल तर उत्तर मिळालं: नळाचं किंवा बोअरचं पाणी. त्यातल्या क्षारांचा थर बसतो, क्लोराईडमुळे ॲल्युमिनियमला आतून सुईएवढी भोकं पडतात, आणि कोरच्या नळ्यांचा पत्रा पातळ असल्याने पहिला बळी त्याचा जातो. सगळी यंत्रणा पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने करा. पाण्यात दोष नसेल तर वीज बघा: काम संपल्यावर इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. पिन बुडवण्यासाठी कॅप इंजिन थंड असतानाच काढा. ०.१ व्होल्टपर्यंत चालेल. ०.३ च्या वर गेला तर इंजिन ते बॉडी ही अर्थची पट्टी आणि नंतर लावलेल्या हॉर्न-दिव्यांची अर्थिंग तपासा, नाहीतर नवा कोरही त्याच वाटेने जाईल.

भरताना तयार मिश्रण किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. महाराष्ट्रात कूलंट गोठण्याची भीती नाही, म्हणून नुसतं पाणी चालतं हा गैरसमज आहे. इथे ते गंजरोधकासाठी हवं. रंग बघून कूलंट निवडू नका, गाडीच्या पुस्तकातला प्रकार बघा आणि दोन प्रकार मिसळू नका. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण चार-पाच लिटर बसतं. उतरवलेलं मोजून ठेवलं असेल तर किती भरायचं याचा अंदाज येतो. फरक पडला तर आत हवा आहे. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हळूहळू भरत वरचा होज हाताने दाबत राहा. कुठे हवेचा स्क्रू दिला असेल तर त्यातून बुडबुड्याविना धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलवर तापू द्या. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. भरा, कॅप लावा, पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल किंवा रेस दिल्यावरच हवा गरम येत असेल तर अजून हवा अडकलेली आहे. गाडी पूर्ण थंड करून पुन्हा करा. गरम असताना कॅप उघडू नका. सगळं जमलं तर मधल्या व्हेंटला धरलेला थर्मामीटर साधारण ५० ते ६० अंश दाखवतो.

पुढचे सात दिवस रोज सकाळी थंड इंजिनवर पातळी बघा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरेल, ती उरलेली हवा. नंतर स्थिर राहायला हवी. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. गटारात किंवा अंगणात ओतू नका, आणि काम चालू असताना ट्रे उघडा सोडून जेवायला जाऊ नका. गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडाला पुरतं.